हत्यारांची जागा

गावातल्या सुताराचे काम बहुतेक घरीच चालते. त्याला वेगळा कारखाना नसतो. घराची पुढची पडवी, नाहीतर दारातल्या लिंबाखालचे छप्पर, हेच त्याचे कामाचे ठिकाण. कुठे त्याला सुतारमेट म्हणतात, कुठे कामठा म्हणतात. नाव काही असो. तिथे काय काय असते ते पाहा.

एका कोपऱ्यात बाभळीची लाकडे. त्यांवर मोडके जू. जुवावर गोणपाट, गोणपाटाखाली करवत. भिंतीला टेकलेली जुन्या चाकाची धाव. खिळ्यांचा डबा, त्यात खिळे, मोळे, सायकलचे नट आणि दोन तुटकी बटणे. मधूनच कोंबडी फिरते. शेळीचे करडू ढलप्यांवर निजलेले असते. हे सुताराचेच आहे असे नाही. शेतकऱ्याच्या घरी औतफाट्याची पडवी असते, गवंड्याच्या घरी थाप्या-ओळंब्याचा कोपरा असतो, सायकल दुरुस्त करणाऱ्याची टपरी असते. चित्र तेच.

आता मृग आठवा. जूनच्या ७-८ तारखेला मृग निघतो. पाऊस पडला, वाफसा आला, की सगळा गाव एकदम सुताराच्या दारात येतो. कुणाच्या तिफणीचा फण सैल झालेला, कुणाच्या कुळवाचे रुमणे मोडलेले. प्रत्येकाला घाई. वाफसा काही कुणासाठी थांबत नाही. आणि नेमक्या अशा वेळी सुतार ओरडतो, "अरे, माझी पटाशी कुठाय?" पोरगं म्हणतं, "मी नाही घेतली." बायको म्हणते, "काल तर तिथंच होती." तिथं म्हणजे कुठं? चौघेजण ढिगारा उपसतात. पाचरीचे काम पाच मिनिटांचे, आणि शोधाशोध अर्ध्या तासाची.

हा हिशेब कागदावर मांडून बघू. दिवसातून ६ वेळा काहीतरी शोधावे लागले आणि दर वेळी १० मिनिटे गेली असे धरा. म्हणजे रोजचा एक तास. महिन्यात २५ दिवस काम केले तर २५ तास. रोज आठ तास काम धरले, तर महिन्याला तीन दिवसांची मजुरी शोधण्यात गेली. ती कुणी चोरली नाही. ती ढिगाऱ्यात गेली.

काही जण म्हणतात, "आमचा पसारा आम्हाला ठाऊक असतो. डोळे मिटून वस्तू काढू." काढत असतील. पण घरधनी आजारी पडला, मुलाला काम करायची वेळ आली, तर त्याने काय करावे? आणि खरे सांगायचे तर डोळे मिटून वस्तू काढणारी माणसे आम्हाला दुसरीकडे दिसली आहेत. ती म्हणजे आपल्या घरच्या आज्या. आजीच्या चुलीपाशी उतरंड असते, शिंके असते, मिसळणाचा डबा असतो. दिवा विझला तरी तिला मीठ सापडते, कारण मिठाची जागा गेल्या चाळीस वर्षांत बदललेली नाही. जपानमधल्या कारखान्यांत नको ते काढणे, उरलेले जागेवर लावणे, साफ ठेवणे, असे शिस्तीचे पाच नियम शिकवतात. मोठमोठे लोक ते शिकायला जातात. चांगलेच आहेत ते नियम. पण त्यांतले पहिले तीन आजीच्या स्वयंपाकघरात आपण रोज पाहतो. तेच पडवीत आणायचे आहेत.

हे काम मृगाच्या तोंडावर काढू नये. त्याला एक चांगला दिवस आहे, खंडेनवमीच्या आदला. खंडेनवमीला आपण हत्यारे धुतो, पुसतो, त्यांना हळदकुंकू वाहतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गोणपाटाखाली जातात, ही गोष्ट वेगळी. तेव्हा आदल्या दिवशीच सगळी पडवी अंगणात काढावी. सगळी म्हणजे सगळी. अर्धे आत ठेवून अर्धे लावले, तर आतले अर्धे आठ दिवसांत बाहेरच्या अर्ध्याला गिळते.

ढीग उपसताना मात्र घाई नको. भर उजेडात काम करा. पायांत जाडे पायताण घाला. लाकडाच्या ढिगात उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार जहरी साप. अडगळ, दगड, लाकडे ही त्यांची लपण्याची ठिकाणे. म्हणून लाकडाखाली सरळ हात घालू नये. आधी काठीने हलवावे, मग ओढावे. साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. हातपाय हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. मांत्रिकाकडे ती नसते.

विंचवाचेही तसेच. लाल विंचू लहान दिसतो, पण त्याच्या विषाने मुलांच्या काळजावर ताण पडतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातल्या अशा रोग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. प्राझोसिन नावाच्या औषधाने हे रोगी वाचतात हे त्यांनी दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला, घाम सुटला, उलटी झाली, तर उतारा शोधत बसू नका. दवाखाना गाठा.

सगळे अंगणात आले की त्याचे तीन भाग करायचे. रोज लागणारे, कधीमधी लागणारे आणि न लागणारे. पहिले दोन भाग सोपे आहेत. भांडण होते ते तिसऱ्यावर. "हे टाकू का?" असे विचारले की कारागीर म्हणतो, "राहू दे, लागेल कधीतरी." त्याचे अगदीच चूक नसते. बाभळीचा वीतभर तुकडा उद्या उत्तम पाचर होतो. सागाच्या पट्टीतून खिडकीची खिटी निघते. आम्ही म्हणू, तुकड्यांसाठी एकच खोके ठेवा. एकच. ते भरले की नवा तुकडा टाकताना जुना एक चुलीत घालायचा. साग आणि शिसव यांचा तुकडा शेवटी जाळा, आधी हलके लाकूड जाळा. असे केले म्हणजे "कधीतरी"ला जागा मिळते, पण सगळी पडवी त्याच्या मालकीची होत नाही.

या तिसऱ्या ढिगात आणखी एक गंमत दिसेल. त्यातले निम्मे सामान आपले नसतेच! कुणी दोन वर्षांपूर्वी कुळव आणून टाकलेला. कुणाचा पाळणा, कुणाची खाट. कुणाची वस्तू आणि काय करायचे होते, ते सुतार विसरला. आणून टाकणाराही विसरला. मग एक दिवस तो येतो आणि म्हणतो, "माझा कुळव दोन वर्षं अडकवून ठेवलास." यावरून गावात तोंड फिरवणारी माणसे आहेत.

इथे आपले नवे शिक्षण कामाला येते. आता आपल्याला लिहिता येते. वस्तू आली की पुठ्ठ्याची एक चिठ्ठी करा. तिच्यावर नाव, तारीख, काय करायचे आणि किती पैसे ठरले, एवढे लिहा. चिठ्ठी सुतळीने वस्तूला बांधा. पूर्वी बलुत्याचे दिवस होते. वर्षाला धान्य ठरलेले असे, म्हणून दर कामाचा भाव लिहावा लागत नसे. आता रोख व्यवहार आहे. चार महिन्यांनी "दोनशे म्हणालो होतो", "नाही, दीडशे" असे होते. चिठ्ठी असली की असे होत नाही. अक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. वाचता आले म्हणजे झाले.

आता हत्यारे. हत्यारे पेटीत एकावर एक टाकली की त्यांच्या धारा एकमेकींना खातात. पटाशीवर हातोडी पडली की पटाशीचा दात गेला. तो परत काढायला दगडावर अर्धा तास घासावे लागते, आणि तेवढे पोलादही झिजते. म्हणून धारेची हत्यारे टांगावीत. एक रुंद फळी घ्या. ती भिंतीवर आपल्या कमरेच्या वर आणि डोळ्यांच्या खाली बसवा. घरात रांगती-चालती मुले असतील तर आणखी वर. वळचणीची भिंत निवडू नका, तिथे पावसाचे शिंतोडे येतात. फळीवर खुंट्या नाहीतर खिळे ठोका आणि एकेक हत्यार टांगून बघा. हात सहज जातो का? एक काढताना दुसरे पडत नाही ना? हे बघून मगच जागा पक्की करा.

जागा पक्की झाली की हत्यार फळीवर धरून कोळशाने त्याच्याभोवती रेघ ओढा. वर गेरू नाहीतर रंग द्या. म्हणजे फळीवर हातोडीचे चित्र, पकडीचे चित्र, आरीचे चित्र तयार होते. संध्याकाळी एकदा फळीकडे बघायचे. ज्या चित्रावर हत्यार नाही ते हत्यार बाहेर आहे. मोजायला नको, आठवायला नको. चित्राखाली नाव लिहा: वाकस, गुण्या, अंबूर, मोगरी. घरातले पोरगे येता-जाता ती नावे वाचेल. आपलीही उजळणी होईल.

पटाश्यांसाठी वेगळी युक्ती आहे. जाड पट्टीला ओळीने खाचा पाडा आणि त्यांत पटाश्या उभ्या ठेवा, धार खाली. खाली दुसरी एक पट्टी ठोका, म्हणजे धारेला कुणाचा हात लागणार नाही. लहान पटाशी डावीकडे, मोठी उजवीकडे. खाचेवर माप लिहा. आपले मिस्त्री सुतात मोजतात. ८ सूत म्हणजे १ इंच, आणि १ सूत म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. दुकानातल्या नव्या सामानावर मिलिमीटर लिहिलेले असतात. दोन्ही मापे लिहिली तर दुकानदारापुढे अडायला होत नाही.

करवतीच्या दातांवर जुन्या सायकलची ट्यूब चिरून चढवावी. रंधा कधी तळावर ठेवू नये, कुशीवर ठेवावा, नाहीतर पाते बोथट होते. हे जुन्या मिस्त्रींना सांगायला नको. पण त्यांच्या हाताखालच्या पोरांना रोज सांगावे लागते.

लोखंडाचा वैरी गंज. ओल आणि हवा मिळाली की लोखंड गंजते. हाताचा घामही पुरतो, कारण घामात मीठ असते. कोकणात तर हवाच खारी. काम झाले की हत्यार कोरड्या फडक्याने पुसा आणि मशीनचे तेल बोटभर लावा. घरातले करडईचे तेल लावू नका. ते काही दिवसांनी चिकट होते आणि त्यावर भुसा बसतो. ओल्या गोणपाटात हत्यार गुंडाळणे म्हणजे गंजाला आमंत्रण. आणखी एक. पडवीत खताच्या गोण्या असतील तर हत्यारे त्यांच्यापासून लांब ठेवा. खत हवेतली ओल ओढते आणि खताचे मीठ लोखंड खाते.

खिळ्यांना डबे करा. एका मापाचे खिळे एका डब्यात. डब्यावर नाव लिहा, किंवा त्यातला एक खिळा बाहेरून चिकटवा. लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरण्या असतील तर फारच छान. बरणीचे झाकण फळीच्या खालच्या अंगाला दोन स्क्रूंनी बसवायचे. मग बरणी खालून फिरवली की निघते, फिरवली की बसते. आतले दिसते, उंदीर पाडत नाही, आणि जागा अडत नाही. ही युक्ती आम्हाला फार आवडते.

जुन्या फळ्यांतले खिळे त्याच दिवशी उपटावेत. उलटी पडलेली फळी आणि वर आलेला खिळा, यावर पाय पडला की काय होते ते सांगायला नको. लोक म्हणतात गंजाने धनुर्वात होतो. गंजाने होत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. खिळा त्यांना खोल आत नेतो. खोल जखमेत हवा नसते, आणि हवा नसलेली जागा त्या जंतूंना मानवते. म्हणून स्वच्छ दिसणारा खिळा लागला तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा. रक्त फार आले नाही म्हणून घरी बसू नका.

लाकूड जमिनीवर ठेवू नये. खाली दगड किंवा विटा मांडून ते वीतभर उचलावे. मग वाळवीला वर यायला मातीची नळी करावी लागते आणि ती नळी आपल्याला दिसते. दिसली की खरवडून काढायची. ओल्या फळ्या एकावर एक चिकटवून रचल्या तर त्यांना बुरशी येते. दोन फळ्यांत बोटभर जाडीच्या पट्ट्या घाला, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक येऊ द्या. नाहीतर फळी वाळताना वाकते. लाकडाची तोंडे आधी वाळतात, म्हणून तिथे चिरा पडतात. तोंडांना जुना रंग फासला तर चिरा कमी पडतात. उन्हात टाकून लाकूड लवकर वाळेल, पण तडकेलही. सावली आणि वारा हेच खरे. जाड लाकडाला वर्षही लागते. बांबूखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर भुंगा लागला असे समजा आणि तो बांबू बाकीच्यांपासून वेगळा काढा.

पडवीत सर्वांत मोठी भीती आगीची. भुसा, ढलप्या, रंध्याची सालपटे, सगळे पेटायला तयार. रोज झाडून पोत्यात भरावे. चुलीला होतात, कोंबड्यांच्या खुराड्यात होतात. विडी ओढायची तर अंगणात जाऊन ओढावी. ज्याला उठायचा कंटाळा आहे त्याने विडी सोडावी, असे आम्हाला वाटते. पण एक आग विडीशिवायही लागते, आणि ती पुष्कळांना माहीत नाही. लाकडाला जवसाचे तेल लावतो ते फडके. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते. फडके पसरलेले असेल तर ती उष्णता उडून जाते. पण चुरगळून ढिगात टाकले तर ती आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी फडके आपोआप पेटू शकते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. म्हणून असे फडके बाहेर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

विजेची हत्यारे आता गावोगाव आली आहेत. त्यांच्याबद्दल थोडक्यात: वायर सोललेली नको, पायात लोळणारी नको, ओल्या हाताने बटण नको, आणि ग्राइंडरच्या चकतीवरचे झाकण काढून काम करणे तर मुळीच नको.

फवारणीची औषधे पडवीत असतील तर ती इथून हलवा. त्यांना कुलपाची पेटी हवी. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो तो पाहा. लाल म्हणजे अति जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. रॉकेल, थिनर, औषध यांतले काहीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नये. मुलाला बाटली ओळखू येते, आतले ओळखू येत नाही. मूल रॉकेल प्याले तर त्याला ओकायला लावू नका. ओकताना रॉकेल फुप्फुसात जाते आणि तेच जिवावर बेतते. तसेच दवाखान्यात न्या, आणि बाटली बरोबर न्या.

जागा लावताना घरातल्या बाईला विचारल्याशिवाय काही ठोकू नका. तिचेही विळे, खुरपी, कोयता याच पडवीत असतात. तिला ते डोक्यावर भारा घेऊन आल्यावर ठेवायचे असतात. तिच्या हाताच्या उंचीला दाराजवळ दोन खुंट्या द्या. धारेचा दगडही तिथेच, पाण्याच्या घागरीशेजारी बसवा. दगड जवळ असला की खुरप्याला रोज धार लागते, आणि धारेच्या खुरप्याने मनगट कमी दुखते.

राहता राहिली उसनवारी. शेजारी येतो, "जरा पकड दे, लगेच आणतो." नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. आपणही कधी त्याचा पाना मागून आणतो. पण "लगेच" म्हणजे पुढची संक्रांत. मग आपण विचारले तर त्याला राग येतो, न विचारले तर आपल्याला येतो. यावर दोन उपाय आहेत. एक, जुनी हातोडी, झिजलेली वाकस, दुसरी पकड असे उसने द्यायचे सामान वेगळे ठेवावे. रोजीरोटीचे हत्यार देऊ नये. दुसरा उपाय, वही. तारीख, वस्तू, नेणाऱ्याचे नाव, परत आल्याची तारीख, असे चार रकाने आखा.

"नाव लिहितोस? माझ्यावर विश्वास नाय व्हय?" असे कुणी म्हणेल. तेव्हा वही त्याच्याच हातात द्यावी आणि म्हणावे, "माझ्याच ध्यानात राहत नाही, दादा. तुम्हीच लिहा." तोही आपल्याच वर्गाला येणारा असेल, तर आनंदाने सही करील. वही फळीशेजारी खिळ्याला अडकवा. पेन्सिल सुतळीने वहीलाच बांधा, कारण पडवीतून सर्वांत आधी जाते ती पेन्सिल.